आण्णांचा उपाशी फोन

बारा डिसेंबरच्या शुक्रवारी आण्णांच्या फोननं मला विचारलं, नवीन प्रणाली आली आहे, आत्ता बसवू की नंतर? मी 'आत्ता' दाबलं. त्यानंतरच्या दहा दिवसांचा सगळा दोष त्या एका बोटाचा आहे. उरलेली नऊ निर्दोष आहेत आणि त्यांनी यापुढं तरी शहाणपणानं वागावं, अशी माझी अपेक्षा आहे.

आण्णा म्हणजे माझे वडील. ते ऑगस्टमध्ये गेले. त्यांचा फोन मी गावाकडून सांगलीला घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळं ज्या वस्तू कुणी मागत नाही त्या नीट जपून ठेवण्याची मला सवय आहे. रोज रात्री फोन चार्जिंगला लावायचा, सकाळी काढायचा. चार महिने आमचं एकमेकांशी बरं चाललं होतं.

आता या फोनमध्ये काय होतं ते सांगते. आण्णा सैन्यात सिग्नलचे हवालदार होते. निवृत्त होऊन ते आंबेखोरीला परतले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बर्फात बसून आपण दिल्लीशी बोलू शकत होतो, पण पाटण तालुक्यातल्या स्वतःच्या ओसरीवरून उंब्रजशी बोलू शकत नाही. दुसरा कुणी असता तर चिडला असता. आण्णांनी मोजायला घेतलं. त्यांनी फोनमध्ये रेंज मोजणारं एक अ‍ॅप टाकलं. हे अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी हवेत रेंज किती आहे ते बघतं आणि आकडा लिहून ठेवतं. आकडा उणे असतो. उणे सत्तर म्हणजे उत्तम, उणे एकशेवीस म्हणजे देवाचं नाव घ्या, आणि त्याच्याही पलीकडं आकडाच नसतो. तिथं 'सेवा नाही' असं लिहून येतं. शून्याच्या खाली मोजायचं हे मला आधी विचित्र वाटलं. पण आंबेखोरीला मिळणाऱ्या बहुतेक सोयी तशाच मोजाव्या लागतात, हे एकदा मान्य केलं की गणित सोपं जातं.

दोन वर्षं आण्णांचा फोन ओसरीच्या खिडकीत पडून हा हिशेब लिहीत होता. त्याच्या जोरावर त्यांनी साताऱ्याच्या एका कार्यालयात टॉवरसाठी तक्रार केली. त्या कार्यालयाचं नाव पाटीवर तीन ओळींत मावलंय, म्हणून मी त्याला नुसतं 'कक्ष' म्हणते. कक्षाचं उत्तर नोव्हेंबरच्या शेवटी आलं. अर्जदारानं २२ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता संपूर्ण नोंदींसह समक्ष हजर राहावं. अन्यथा तक्रार कायमची निकाली काढण्यात येईल आणि त्याच ठिकाणाबाबत पाच वर्षं नवी तक्रार घेतली जाणार नाही. पत्र आण्णांच्या नावाचं होतं. त्यातली 'समक्ष' ही अट सोडली तर बाकीचं सगळं त्यांना आवडलं असतं.

तर नोंदींचा कागद काढावा म्हणून मी शुक्रवारी फोन उघडला, त्यानं अपडेटचं विचारलं, मी हो म्हटलं, तासाभरानं तो नव्या रूपात उभा राहिला, आणि मी अ‍ॅप उघडलं. पांढरा पडदा. मधोमध एक हसरा ढग. त्याच्याखाली लिहिलं होतं: 'नोंदी नाहीत. चला, नवी सुरुवात करू या.'

चार महिने भेटायला येणारे लोक मला हेच सांगत होते. आता ढगही सांगायला लागला.

आमच्या खालच्या मजल्यावर जयराजकाका राहतात. साखर कारखान्यात बॉयलरवर होते. इमारतीत कुणाचंही काही बिघडलं की ते जिन्यात भेटतातच.

"बंद करून चालू केला का?"

"केला, काका."

"किती वेळ बंद ठेवलास?"

"मिनिटभर."

"मिनिटभरानं काय होतंय? यंत्र गार तर व्हायला पाहिजे. आमच्या बॉयलरला दोन दिवस लागायचे. निदान बारा तास ठेव."

मी बारा तास ठेवला. दुसऱ्या दिवशी फोन विश्रांती घेऊन ताजातवाना उठला. ढगाचाही चेहरा उजळला होता. काकांनी वर येऊन स्वतः पाहिलं आणि "मग हा गार व्हायचा प्रकार नाही, तापवायचा आहे," असं म्हणून त्यांनी फोन उन्हात ठेवायला सुचवलं. मी त्यांचे आभार मानले. सांगलीत माणसाला सल्ला दिला की त्यानं तो पाळावाच असा आग्रह नसतो, पण दुसऱ्या दिवशी चौकशी होते, म्हणून पुढचे दोन दिवस मी जिना जरा घाईनं चढत होते.

सोमवारी कॉलेजात संगणक कक्षातल्या राजरत्नकडं गेले. तो हुशार मुलगा आहे आणि त्याला ते माहीत आहे. त्यानं फोन हातात घेतला, दोनदा वर-खाली सरकवला आणि म्हणाला, "सोपंय मॅडम. अ‍ॅप काढून टाकायचं, परत टाकायचं. दोन मिनिटं."

त्याचं बोट खाली येत होतं. मी विचारलं, "जुन्या नोंदी राहतील ना?"

बोट थांबलं. "त्या जातील."

"मला त्याच हव्यात."

"अच्छा," तो म्हणाला आणि फोन टेबलावर असा ठेवला की जणू तो आत्ता जिवंत असल्याचं कळलं. "मग मी हात लावत नाही. बनवणाऱ्या कंपनीला लिहा."

आण्णांच्या खात्यावरून कंपनीला लिहिलं. मी उत्तराची वाट बघणार इतक्यात उत्तर आलंसुद्धा. मी पाठवून फोन खाली ठेवायच्या आत. 'प्रिय जोतिबा, तुमची अडचण ऐकून वाईट वाटलं. तुम्ही आमचे जुने सदस्य आहात. तुम्ही कुठेही असलात तरी आम्ही सदैव तुमच्यासोबत आहोत. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' पत्त्याच्या बाबतीत कंपनीनं इतका आत्मविश्वास दाखवायला नको होता. मी तारे दिले नाहीत. मग दोन दिवसांनी तिनं पुन्हा लिहिलं की जोतिबा, तुम्ही आमच्यावर नाराज आहात का.

शेवटी जिथं घेतला तिथंच दाखवावा, या जुन्या न्यायानं मी रजा टाकली आणि गुरुवारी उंब्रजला गेले. आण्णांनी फोन बिरदेवच्या दुकानातून घेतला होता. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. एका ट्रॉलीमागं आमची एसटी कऱ्हाडच्या पुढं पाऊण तास होती. ट्रॉलीवर मागं 'पुन्हा भेटू' असं लिहिलं होतं. भेट संपतच नव्हती.

बिरदेवनं मला पाहिलं, फोन पाहिला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

"ताई, तुमी हवालदारसायबांच्या न्हवं? लय कडक मानूस. कवर घ्या म्हटलं तर म्हनायचं, फोनला कशाला कवर, त्यो काय लग्नाला चाललाय?"

मी हो म्हटलं. आवाज ठीक निघाला. त्याला सगळी हकिकत सांगितली. त्यानं फोनच्या पोटात शिरून पाच मिनिटं शोधलं आणि पडदा माझ्यापुढं धरला.

"ह्ये बगा. बिघाड कायबी न्हाई. कुलूप हाय."

मी वाचलं. 'हे अ‍ॅप तीन महिने कोणीही उघडलेलं नाही. तुमच्या सुरक्षिततेसाठी त्याच्या सर्व परवानग्या काढून घेण्यात आल्या आहेत.'

"नोंदी हायत आत," बिरदेव म्हणाला. "पर त्येला त्या बगायची पर्वानगी न्हाई. आन नव्या अपडेटपास्नं, ठिकान सांगितल्याबिगर रेंजबी मोजू देत न्हाईत. बिचारं रिकाम्या हातानं बसलंय. त्येला वाटतंय आपल्याकडं कायच न्हवतं."

माणूस तीन महिने दिसला नाही की त्याचे हक्क काढून घ्यायचे, वर ते त्याच्याच भल्यासाठी म्हणायचं. एवढं काम करायला आमच्याकडं अख्खं महसूल खातं लागतं. इथं ते एका अपडेटमध्ये उरकलं होतं.

बिरदेवनं एकेक परवानगी दिली. ढग गेला. आकडे धबाधबा खाली आले, दोन वर्षं चार महिन्यांचे, दिवसाला एक ओळ. मी दुकानाच्या पायरीवर बसले. बिरदेवनं चहा सांगितला. मग त्यानंच अ‍ॅपमधला गोषवारा वाचायला घेतला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, तुमच्या गावात टावर झाला व्हय?"

"नाही. का?"

"न्हाई, हितं लिवलंय. 'ठिकाण: आंबेखोरी, राहते घर. अलीकडची सरासरी: उत्तम.'"

ठिकाणाचं नाव आण्णांनी स्वतः टाइप केलं होतं, आणि फोनचा त्यांच्यावर विश्वास होता. बावीस ऑगस्टला मी त्याला सांगलीला नेलं, तेव्हा कुणी त्याला घर बदलल्याचं सांगितलं नाही. पुढचे जवळजवळ चार महिने तो विश्रामबागेत माझ्या टेबलावर बसून दर पंधरा मिनिटांनी इमानेइतबारे लिहीत राहिला, की आंबेखोरीत, राहत्या घरी, रेंज उत्तम आहे. अ‍ॅपच्या मते वडील गेले आणि गावाला रेंज आली.

"सांगलीच्या वळी पुसून टाकू का?" बिरदेवनं विचारलं. "फकस्त कागदावर वर छापून येतंय, 'नोंदींत बदल केलेला आहे' म्हनून."

आण्णांच्या कागदावर ते वाक्य छापून नेण्याची माझी तयारी नव्हती. त्यापेक्षा फोन पुन्हा ओसरीच्या खिडकीत ठेवावा, तीन दिवसांच्या ताज्या नोंदी घ्याव्यात, आणि बाकीचं समजावून सांगावं, असं मी ठरवलं. सरकारी माणसाला समजावून सांगता येतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

आंबेखोरीत रेंज एकाच जागी येते. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, तिच्या कठड्यावर. पंधरा मिनिटांची उभी चढण. रोज सगळ्यांनी चढायचं कशाला, म्हणून आमच्या आळीनं वार लावून घेतलेत. ज्या घरचा वार असेल, त्यानं सकाळी आळीतले सगळे फोन पाटीत गोळा करायचे, कठड्यावर ओळीनं मांडायचे, तास-दीड तास थांबायचं, आणि निरोप येऊन पडले की पाटी डोक्यावर घेऊन खाली यायचं. कुणाचा फोन वाजला तर उचलून 'खाली हायती, सांजच्याला सांगतो' एवढं बोलायचं. म्हशी पाण्यावर नेतात, तसं याला आमच्याकडं 'फोन पाजून आणणं' म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं. आतल्या माणसाला ते वाटायला वेळ नसतो, कारण उद्या त्याचा वार असतो.

हे मला लहानपणापासून नाही, तरी चांगली सहा-सात वर्षं माहीत आहे. तरीही मी फोन खिडकीत ठेवला, दार पुढं लोटलं आणि शुक्रवारी सकाळी मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रतीसाठी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक 'येतोच' होते. शनिवारीही ते 'येतोच' होते, पण दुपारी खरंच आले आणि दाखला मिळाला. त्या आनंदात घरी येऊन मी अ‍ॅप उघडलं. शुक्रवार: सर्वोत्तम रेंज उणे शहाऐंशी, चांगली. शनिवार: उणे पंच्याऐंशी, चांगली.

मी शेजारी मनुकाकूंकडं गेले. त्या आण्णांच्या चुलतवहिनी. भाकरी थापत होत्या.

"काकू, आण्णांचा फोन तुम्ही टाकीवर नेला होता?"

"न्हेला की. कालबी न्हेला, आजबी न्हेला. काल सुताराच्या घरचा वार हुता, त्येंच्या पाटीत म्याच टाकला. खिडकीत येकलाच पडल्याला बगून जीव तुटला माजा."

"त्याला रेंज द्यायची नव्हती, काकू."

त्यांनी भाकरीवरचा हात थांबवला. "अगं, काय बोलतीस. परक्याचा फोन असता तरी पाजून आनला असता."

"आण्णा कधी देत होते का तुमच्याकडं?"

"भावजी कुटलं द्यायला. म्हनायचं, वैनी, माजा फोन उपाशीच ऱ्हाऊ द्या, त्येच्यावर केस हाय. दोन वर्सं खिडकीत उपाशी ठिवलं त्येला. म्हटलं आता लेक आलीया, तर खाऊ दे प्वाटभर." त्यांनी भाकरी उलटली. "एकडाव तेवढा न्हेलेला म्या," असं म्हणून त्या चुलीतलं लाकूड पुढं सारायला लागल्या. लाकूड पुढंच होतं.

तो कुठला दिवस, ते मला माहीत होतं.

रविवारी मी खिडकीशी खुर्ची टाकून फोनची राखण केली. आळीतल्या माणसांनी येता-जाता विचारलं, "आज पाजायचा न्हाई?" मी 'नाही' म्हटलं. "आजारी हाय का?" असंही एकानं विचारलं. मनुकाकू मात्र एकदा समजल्यावर पक्क्या झाल्या. दुपारी मी जेवायला उठले तेव्हा त्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि पाटीवाल्याला लांबूनच हात केला. रात्री अ‍ॅपनं दिवसाची ओळ लिहिली: सेवा नाही. शहाण्णव मोजण्या, शहाण्णव वेळा काहीही नाही. इतक्या सलग अपयशानं मला आयुष्यात कधी एवढं समाधान दिलेलं नाही.

सोमवारी सकाळी उंब्रजला नोंदी छापून घेतल्या. अठरा पानं झाली. ऑगस्टचं पान मी न बघता मधे सारलं आणि सातारा गाठलं.

कक्षात एक कारकून होता. त्यानं फाइल उघडली. "अर्जदार?"

"जोतिबा रामचंद्र शेडगे."

"बोलवा."

"ते वारले."

मी हे मुद्दाम सुनावणीच्या दिवशी केलं असावं, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"मग ऑगस्टमध्येच कळवायचं नाही का? अर्जदार मयत म्हणजे तक्रार निकाली. नाहीतर वारस लावा."

"तक्रारीला?"

"सातबाऱ्याला लावत नाही का? तसंच. मृत्यूचा दाखला, तुमचं स्वयंघोषणापत्र, बाकी वारसांची ना हरकत."

बाकी वारस म्हणजे माझा धाकटा भाऊ वीरधवल. तो राजस्थानात तैनात आहे. मी फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, माझी कसली हरकत? आण्णांची तक्रार आहे ती, तूच चालव." आणि दोन मिनिटांत ना हरकतीचा संदेश पाठवला. उसाच्या रानावरचा हक्क मी रीतीप्रमाणं ऑक्टोबरमध्येच त्याच्या नावानं सोडला होता. त्या वेळी कागद घेऊन चार माणसं सांगलीपर्यंत आली होती. तक्रारीवरचा हक्क मागायला मात्र कुणी आलं नव्हतं.

"आता गावच्या पोलीस पाटलांना विचारून तोंडी खात्री करतो," असं म्हणून कारकुनानं टेबलावरचा फोन उचलला. एकदा लावला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा नंबर मोठ्यानं म्हणत लावला.

"लागत नाही."

"तक्रार तीच आहे," मी म्हटलं.

"ते वेगळं." त्यानं फाइलवर लिहिलं: 'संपर्क होऊ शकला नाही.'

"हे पुरावा म्हणून धरता येईल का?"

"हे वारसाच्या प्रकरणात आहे. रेंजच्या नाही."

त्यानं माझा दाखला फाइलला टाचला, घोषणापत्र टाचलं, आणि मला घेऊन आत साहेबांकडं गेला. साहेब वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांच्यापुढं कारकुनानं अठरा पानं चाळली. आकडे वाचायचा त्याला सराव असावा, कारण दोन मिनिटांत त्यानं निष्कर्ष काढला.

"साहेब, पहिली दोन वर्षं सेवा नाही, बरोबर आहे. सतरा ऑगस्टला चांगली रेंज आली. बावीसपासून कायम झाली. मधे नोंदी नाहीत. परवा एकोणीस-वीसला पुन्हा चांगली. फक्त काल नाही."

"काल का नाही?" साहेबांनी विचारलं.

"एखादा दिवस जाते, साहेब. आपल्याकडं पण जाते. थोडक्यात, तक्रारीचं निवारण झालेलं आहे."

दोन वर्षं एका माणसानं फोन उपाशी ठेवून जमवलेलं सगळं कारकुनानं तीन वाक्यांत मिटवलं. मी ग्रंथालयात काम करते. मोठ्या ग्रंथांचा सारांश कसा करतात ते मला माहीत आहे.

मी सुरुवात शेवटापासून केली. एकोणीस-वीसला फोन टाकीवर पाजायला नेला होता, हे सांगितलं. 'पाजायला' म्हणजे काय, तेही सांगितलं. साहेबांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी तो आवरला आणि "पुढं," म्हणाले.

"बावीस ऑगस्टपासून फोन सांगलीत होता."

"मयत आंबेखोरीचे. मग मयताचा फोन सांगलीत काय करत होता?" कारकुनानं विचारलं.

"माझ्याजवळ होता."

"वापरासाठी?"

"नाही."

"मग?"

त्यानं पेन टेकवून वाट पाहिली. त्याला रकाना भरायचा होता आणि मला उत्तर येत होतं. दोन्हींचा आकार जुळत नव्हता. "जवळ ठेवण्यासाठी," मी म्हटलं. त्यानं लिहिलं: 'ताबा: मुलगी. वापर: निरंक.' इतकं अचूक माझ्याबद्दल त्या चार महिन्यांत कुणी लिहिलं नव्हतं.

साहेबांनी फोन मागून घेतला आणि अ‍ॅपमधला तपशील उघडला. प्रत्येक नोंदीसोबत कुठल्या टॉवरची रेंज मिळाली त्याचा क्रमांक असतो म्हणे. "बावीसपासूनचा टॉवर सांगलीचाच आहे," ते म्हणाले. "या नोंदी वगळा." मग ते मागं सरकत सतरा ऑगस्टच्या ओळीवर आले. "पण हा नाही. हा तुमच्या भागातला आहे, उंब्रज बाजूचा. फोन गावातच होता. साडेसहाला सेवा नाही, पावणेसातला सेवा नाही, सात वाजता उणे अठ्ठ्याऐंशी. सव्वासातला उणे नव्वद. गावात एकदा रेंज मिळालीय म्हटल्यावर सेवा नाही असं मला लिहिता येत नाही. एक चांगली नोंद पुरते, बाई."

"ती गावातली नाही. टाकीवरची आहे."

"त्या दिवशीही पाजायला नेला होता?"

"नाही. आण्णा फोन कधीच देत नव्हते." मी पानाकडं पाहिलं, आता न पाहून भागणार नव्हतं. "पावणेसातला शेजारच्या मनुकाकूंनी तो आण्णांच्या उशाजवळून उचलला आणि टाकीवर नेला. पंधरा मिनिटांची चढण आहे. त्या बासष्ट वर्षांच्या आहेत. पाऊस होता. अ‍ॅम्ब्युलन्सला लावायला नेला."

कारकुनानं सवयीनं विचारलं, "त्याला पुरावा?"

"मृत्यूचा दाखला मघाशी तुम्हीच फाइलला लावलात. तारीख बघा."

त्यानं फाइल उघडली. एक बोट दाखल्यावरच्या तारखेवर ठेवलं, दुसरं माझ्या कागदावरच्या ओळीवर, आणि दोन्हीकडं आळीपाळीनं दोनदा पाहिलं. "जुळतेय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत आली का, हे कुणी विचारलं नाही. दोन्ही कागद समोर होते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि कारकुनाला मजकूर सांगितला. "लिहा. दिनांक सतरा ऑगस्टची नोंद अपवादात्मक परिस्थितीत घेतलेली असल्यानं विचारात घेऊ नये. उर्वरित नोंदींवरून ठिकाणी सेवा उपलब्ध नसल्याचं स्पष्ट होतं. तक्रार ग्राह्य. टॉवरसाठी स्थळपाहणी लावावी."

कारकुनानं कागद माझ्याकडं फिरवला. "अर्जदार म्हणून इथं सही करा."

अपवादात्मक परिस्थिती. त्या दिवसाला काय म्हणावं, हे मला चार महिने सुचलं नव्हतं. मी बरीच पुस्तकं वाचलेली आहेत, आणि त्या काळात तर त्याच शोधात वाचत होते. शासनाकडं शब्द तयार होता. मी सही केली.

बाहेर आल्यावर कारकुनाला विचारलं, "याची प्रत मिळेल?"

"मिळेल की. पण त्याला वेगळा अर्ज करावा लागतो." त्यानं खणातून एक नमुना काढून दिला. मी तिथंच बाकावर बसून तो भरला. अर्जदार या शब्दापुढं पहिल्यांदा माझं नाव लिहिलं, पत्ता आंबेखोरीचा घातला, आणि कागद त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं तो वरून खाली तपासला. "प्रत तयार झाली की फोन करून कळवू. स्थळपाहणीची तारीखही कळवू. इथं मोबाइल नंबर राहिलाय." त्यानं पेन माझ्याकडं दिलं, आणि मी लिहायला लागणार तेवढ्यात म्हणाला, "सांगलीचा द्या हं. तुमच्या गावात फोन लागत नाही."

हे मी त्याच्याकडून लिहून मागितलं नाही.